विसापूरच्या तोफेवरचा गुलाब आणि तिचे तुटलेले खुंट

लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त जरा नीटनेटकं केलंय.

पुणे-लोणावळा लोकलनं मळवली स्टेशन आलं की दक्षिणेकडच्या खिडकीतून बघा. उजव्या हाताला लोहगड, डाव्या हाताला लांबलचक सपाट माथ्याचा विसापूर. लोहगड सगळ्यांना माहीत. पायऱ्या चढायच्या, विंचूकाट्यावर जायचं, फोटो काढायचा. विसापूर त्याच्याहून उंच आहे, तरी त्याला आपण ओळखतो ते पावसाळ्यातल्या 'पायऱ्यांवरच्या धबधब्या'साठी. रील झाली, खाली उतरलो, वडापाव खाल्ला, संपलं.

आज त्या माथ्यावरच्या एका वस्तूबद्दल बोलायचंय. १८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं गेलं. विसापूरचं वर्णन करताना त्यात तीन-चार ओळी येतात. उत्तरेला तटाजवळ एक लोखंडी तोफ पडलीय. लांबी दहा फूट. तिच्यावर ट्यूडर गुलाब आणि मुकुट कोरलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन अक्षरं: ई. आर.

आता जरा थांबा. मावळातला डोंगर, पेशव्यांचा किल्ला, आणि तोफेवर इंग्लंडच्या राजघराण्याचा गुलाब. हा गुलाब इथं कुठून आला? आणि त्याच गॅझेटिअरमध्ये पुढं एक वाक्य आहे, जे बहुतेक जण सोडून देतात: पुण्यातल्या बाकी किल्ल्यांप्रमाणे विसापूरच्या तोफासुद्धा बाजूचे खुंट तोडून निकामी केलेल्या आहेत.

म्हणजे एक अर्धवट तोफ. काही खुणा शिल्लक, काही भाग गायब. आजचा भाग एवढाच आहे, शिल्लक खुणांवरून आणि गायब भागांवरून एक तोफ ओळखायची कशी.

आधी ओळख, मग सुटे भाग

परदेशात काळ्या दारूच्या जुन्या बंदुकांच्या नकला बनवण्याचा मोठा छंद आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातली कोल्ट रिव्हॉल्व्हर तुम्ही वेस्टर्न सिनेमात पाहिली असेल. तिच्या हुबेहूब नकला गेली साठ-पासष्ट वर्षं इटलीत बनतात, गार्दोने व्हाल ट्रोम्पिया नावाच्या गावात. काही तर अर्धवट किट म्हणूनच विकल्या जायच्या. लाकडाची मूठ घासायची बाकी, लोखंडाला पॉलिश नाही, घेणाऱ्यानं घरी बसून पूर्ण करायची. मग कुणाच्या तरी माळ्यावर असं एखादं अर्धवट किट सापडतं. स्प्रिंग नाही, एखादा स्क्रू नाही, कागद नाही. अशा वेळी अनुभवी माणूस काय सांगतो? आधी दुकानात धावू नका. आधी खुणा वाचा. इटलीच्या सरकारी चाचणीचा शिक्का, आणि एका छोट्या चौकटीतला रोमन आकडा किंवा अक्षरं, ज्यावरून ती कोणत्या वर्षी तपासली गेली ते कळतं. बनवणारा आणि वर्ष कळलं, तरच योग्य स्प्रिंग मिळते. नाहीतर जवळपास बसणारा भाग ठोकून बसवला जातो, आणि वस्तू कायमची बिघडते.

(आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आहे, त्यामुळे असलं किट ऑनलाइन मागवायची आयडिया डोक्यातून काढून टाका. उदाहरण फक्त पद्धतीसाठी दिलं.)

हीच पद्धत विसापूरच्या तोफेला लावू.

लोखंड काय सांगतं?

पहिला प्रश्न, तोफ बनवली कशी? आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या तोफा लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यावर तापवलेली कडी एकाशेजारी एक चढवून बनवलेल्या असतात. त्यांना आपण बांगडी तोफ म्हणतो. मुरुड-जंजिऱ्याची कलालबांगडी तुम्ही पाहिली असेल. पंचधातूच्या किंवा पितळेच्या ओतीव तोफाही आपल्याकडे होत्या, त्यांवर नक्षी, लेख, कधी मगरीचं तोंड.

लोखंड वितळवून एका साच्यात अख्खी तोफ ओतायची हे वेगळं तंत्र. इंग्लंडमध्ये १५४३ साली ससेक्समधल्या बक्स्टेड गावात पहिल्यांदा अशी एकसंध लोखंडी तोफ ओतली गेली. पितळेपेक्षा लोखंड जड आणि जरा धोक्याचं, पण कितीतरी स्वस्त. त्यामुळे व्यापारी जहाजांना परवडणारी तोफ म्हणजे ओतीव लोखंडाची. पुढची शंभर-दीडशे वर्षं इंग्लंडच्या त्या भागातल्या भट्ट्या असल्या तोफा जगभर पाठवत राहिल्या.

ई. आर. म्हणजे कोण?

दुसरी खूण, गुलाब आणि मुकुट. हा ट्यूडर घराण्याचा गुलाब. इंग्लंडच्या राजाच्या नावाची दोन अक्षरं तोफेवर टाकायची पद्धत होती. जॉर्ज राजा असेल तर जी. आर., चार्ल्स असेल तर सी. आर. यातला 'आर' म्हणजे लॅटिनमधला रेक्स किंवा रेजिना, राजा किंवा राणी.

मग ई कोण? इथं जरा डिटेक्टिव्हगिरी करू. आज ई. आर. म्हटलं की आपल्याला दुसरी एलिझाबेथ आठवते, पण ती गादीवर आली १९५२ साली. सातवा एडवर्ड आला १९०१ साली. गॅझेटिअर छापलंय १८८५ साली, म्हणजे हे दोघे आपोआप बाद. मागे गेलं की उरतात दोन. सहावा एडवर्ड, १५४७ ते १५५३. आणि पहिली एलिझाबेथ, १५५८ ते १६०३. दोघंही ट्यूडर, दोघांचीही अक्षरं तीच. एडवर्ड फक्त सहा वर्षं होता आणि लोखंडी तोफा ओतण्याची नुकती सुरुवात होती. एलिझाबेथ पंचेचाळीस वर्षं राहिली आणि तिच्या काळात या भट्ट्या जोरात होत्या. म्हणून गॅझेटिअर म्हणतं, बहुधा एलिझाबेथच्या काळातली. पटण्यासारखं आहे.

आता हिशेब करा. तोफ उशिरात उशिरा म्हणजे १६०३ सालची धरू. विसापूरची तटबंदी पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ यानं १७१३ ते १७२० च्या दरम्यान बांधली असं सांगतात. म्हणजे या तटाशी आली तेव्हा तोफ किमान एकशे दहा वर्षांची होती! मोबाईल तीन वर्षांत जुना होणाऱ्या आपल्या काळात ही गोष्ट जरा पचवून घ्या. ओतीव लोखंडाची तोफ नीट ठेवली तर पिढ्यान् पिढ्या चालते. एका जहाजावरून दुसऱ्यावर, एका मालकाकडून दुसऱ्याकडे.

डोंगरावर आली कशी?

इथं गॅझेटिअर एक अंदाज करतं: एखाद्या इंग्रजी जहाजावरची ही तोफ आंग्र्यांनी किंवा तसल्याच कुणी समुद्रावर पकडली असेल, आणि पेशव्याला भेट दिली असेल. इंग्रजांच्या कागदांत आंग्रे म्हणजे चाचे. आपल्याकडे ते सरखेल, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख. शब्द बदलला की तोफेची गोष्टही बदलते, हे लक्षात ठेवा.

अंदाजाला आधार काय? भरपूर आहे. ४ नोव्हेंबर १७१२ ला कान्होजी आंग्र्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची स्वतःची शस्त्रसज्ज नौका पकडली होती. आणि १७१३ साली कान्होजी थेट घाट चढून वर आले. शाहू महाराजांचा तेव्हाचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत गेला, लोहगड त्यांच्या हातात गेला. मग शाहूंनी नवा पेशवा नेमला, बाळाजी विश्वनाथ, आणि त्याला कान्होजींकडे पाठवलं. लढायला नाही, बोलायला. १७१४ मध्ये ही बोलणी झाली कुठे? आपल्या लोणावळ्याजवळ! तिथं समझोता झाला, कान्होजी शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेल म्हणून कायम झाले.

म्हणजे बघा, विसापूर बांधणारा पेशवा आणि इंग्रजी जहाजं पकडणारा सरखेल, हे दोघं या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर भेटलेत. जहाजावरची तोफ भेट म्हणून घाट चढली असेल, हे अजिबात अशक्य नाही.

पण गॅझेटिअर स्वतःच 'बहुधा' म्हणतं, तेव्हा आपण दुसरे रस्तेही तपासू.

दुसरा रस्ता वसईचा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा वर घाटावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरची मोठी घंटा तुम्ही पाहिली असेल. त्या घंटा ओळखता येतात त्या कशावरून? क्रूस आणि साल ओतलेलं आहे म्हणून. लुटीचा माल कोकणातून सह्याद्री चढून येतो हे यावरून पक्कं दिसतं. तोफाही तशाच येऊ शकतात. मात्र पोर्तुगीज किल्ल्यात इंग्रजी तोफ आधी कशी गेली, हे आणखी एक कोडं मध्ये वाढतं.

तिसरा रस्ता मावळातलाच, आणि एकदम फिल्मी. जानेवारी १७७९. इंग्रज फौज बोरघाट चढून खंडाळा, कार्ला करत पुण्याकडे निघाली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, तोच आपला 'इष्टुर फाकडा'. फौज तळेगावपर्यंत पोचली. पुढं मराठे, मागं मराठे, अन्न नाही, चारा नाही. शेवटी ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि माघार घेतली. वडगावला कोंडले गेले आणि तिथं त्यांना तह करावा लागला.

मग विसापूरची तोफ त्या तळ्यातली? माझ्या मते नाही. १७७९ साली घाट चढणारी फौज पावणेदोनशे वर्षं जुनी, दहा फुटी, सहज टनाच्या पुढं जाणारी जहाजी तोफ कशाला ओढत आणेल? मैदानात पळवायला हलकी तोफ लागते. दहा फुटी लोखंडी तोफ ही जहाजाच्या पोटात किंवा तटावर एका जागी बसण्यासाठी असते. लांबी आणि धातू या दोन गोष्टींनीच हा तिसरा रस्ता बंद होतो. म्हणून मला अजूनही समुद्राचा रस्ताच पटतो.

गायब भाग

आता त्या सोडून दिलेल्या वाक्याकडे येऊ.

तोफेच्या नळीला मधोमध, जरा मागच्या बाजूला, दोन्हीकडे दोन जाड गोल खुंट असतात. भटके लोक त्यांना तोफेचे कान म्हणतात. काहीजण बत्ती द्यायच्या भोकालाही कान म्हणतात, म्हणून गोंधळ नको, आज मी खुंटच म्हणतो. हे खुंट तोफगाड्याच्या खाचेत बसतात. तोफेचं तोंड वर-खाली करायचं ते त्यांच्यावरच तोलून. आणि बार उडाला की मागं येणारा धक्का नळीकडून गाड्याकडे जातो तोही या खुंटांमधूनच. खुंट नाहीत तर नेम नाही, गाडा नाही, काहीच नाही. उरते फक्त एक जड नळी.

४ मार्च १८१८. कर्नल प्रॉथरच्या फौजेनं विसापूर घेतला. विसापूर उंच आहे, तिथून लोहगड सरळ माऱ्यात येतो. दुसऱ्याच दिवशी लोहगड पडला. पेशवाई संपत होती आणि कंपनी सरकारला एकच भीती होती, हे किल्ले पुन्हा कुणी लढवले तर? विसापूरचे दोन्ही दरवाजे सुरुंगानं उडवले गेले. आणि तोफा?

विचार करा, टनभर लोखंडाचं डोंगरमाथ्यावर करायचं काय? खाली न्यायचं तर माणसं, बैल, दोरखंड, आठवडे. वितळवायचं तर भट्टी आणि गाडीभर कोळसा. बत्तीच्या भोकात खिळा ठोकायचा ही जुनी युक्ती, पण खिळा छिद्र पाडून काढता येतो. ओतीव लोखंड मात्र ठिसूळ असतं. घणाचे दणके बसले की वाकत नाही, तुटतं. दोन खुंट तोडले की तोफ संपली. स्वस्त, जलद आणि परत दुरुस्त न होणारं काम. कारण तुटलेला खुंट पुन्हा जोडून बाराचा धक्का सोसेल असा करणं त्या काळात कुणाला जमणारं नव्हतं.

म्हणजे ही तोफ दोनदा सही झालेली आहे. एक सही गुलाब आणि अक्षरांची, बनवतानाची. दुसरी तुटलेल्या खुंटांची, १८१८ ची. पहिली सांगते तोफ कुणी ओतली. दुसरी सांगते राज्य कुणी मोडलं. दोन सह्यांमध्ये किमान दोनशे पंधरा वर्षं.

मग खुंट 'शोधायचे' का?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर तरुण मुलं मातीत गाडलेल्या, दरीत पडलेल्या तोफा वर काढतायत, त्यांना सागवानी तोफगाडे करून देतायत. घाम गाळून केलेलं काम आहे, मनापासून मुजरा. तोफ मातीत सडण्यापेक्षा गाड्यावर असणं कधीही चांगलं.

फक्त खुंट नसलेल्या तोफेच्या बाबतीत एक गोष्ट जपायला हवी. गाडा करायचा तर नळीला खालून आधार देणारा, तिच्या मापाचा करावा. नळीला भोकं पाडू नयेत, नवे खुंट वेल्डिंग करून चिकटवू नयेत. नवा खुंट लावला की तोफ पूर्ण दिसेल, पण तिची दुसरी सही पुसली जाईल. पुढच्या पिढीला वाटेल, ही तोफ शेवटपर्यंत शाबूत होती. तुटकेपणा हा तिचा पुरावा आहे.

आणि पहिली सही तर त्याहून नाजूक. ओतीव लोखंडावरची अक्षरं थोडीच वर आलेली असतात. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला की गंजाबरोबर अक्षरही जातं. जाड ऑइलपेंट मारला की गुलाब बुजतो. आणि 'ई. आर.' गेलं की आपल्या हातात उरतो एक अनामिक लोखंडी पाइप, ज्याच्याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतं.

तुमच्या खिशातला मोबाईल

इथं तुम्ही उपयोगी पडता. सह्याद्रीत अजून कितीतरी तोफा अशाच पडून आहेत. पुढच्या ट्रेकला एखादी दिसली तर:

खडू, चुना, पाणी, काही लावू नका. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की बुजलेली अक्षरं आपोआप उठून दिसतात. ऊन नसेल तर मित्राला छत्रीची सावली करायला सांगा आणि मोबाईलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, बाजूनं मारा. समोरून फ्लॅश मारलात तर काहीच दिसणार नाही.

टेप असेल तर तीन मापं घ्या. पूर्ण लांबी, तोंडाचा आतला व्यास, आणि मागच्या जाड भागाचा घेर. आतल्या व्यासावरून गोळा किती पौंडांचा ते कळतं. साधारण ४ इंच व्यासाचा ओतीव लोखंडी गोळा ९ पौंडांचा भरतो.

नळीवर तीन आकडे एका ओळीत दिसले, समजा २०-२-१४, तर तो सन किंवा नंबर समजू नका. ते इंग्रजी पद्धतीचं वजन असतं. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याचा पाव, २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. या उदाहरणाचा हिशेब होतो २३१० पौंड, जवळजवळ १०४८ किलो. व्ही, ओ, सी ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसली तर तोफ डच कंपनीची.

खुंट आहेत का, तुटलेत का, एक तुटलाय की दोन्ही, हे वेगळं टिपून ठेवा. तुटलेल्या जागेचा जवळून फोटो घ्या. आणि तोफेभोवती हळूहळू फिरत, एकमेकांवर येणारे साठ-सत्तर फोटो काढलेत तर त्यातून पुढं थ्रीडी मॉडेलही होऊ शकतं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. गोळा, तुकडा, नाणं, काहीही खिशात टाकायचं नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, आणि जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती कलेक्टरला द्यायची असा कायदा तर १८७८ पासून आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून हललेला गोळा मुका होतो. तो कुठल्या बुरुजाखाली पडला होता हीच त्याची खरी माहिती.

जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. अभिमानाची गोष्ट. गायमुख खिंडीच्या या बाजूचा विसापूर त्या यादीत नाही. लोहगडावर आता पाट्या येतील, गाइड येतील, लक्ष राहील. विसापूरवर तुम्ही आहात. ज्या किल्ल्याच्या उंचीमुळे १८१८ साली लोहगड पडला, त्याच्या तटाजवळ कधीतरी एक तोफ पडली होती, तिच्यावर एक गुलाब होता आणि तिचे दोन खुंट कुणीतरी मुद्दाम तोडले होते, एवढं लक्षात ठेवून वर गेलात तरी बघण्याची नजर बदलेल.

तुमच्या गावाजवळच्या, वेशीवरच्या, देवळासमोर पुरलेल्या तोफेवर एखादी खूण असेल तर तिरक्या उजेडात फोटो काढा, माप लिहा आणि आम्हाला पाठवा. आलेल्या खुणा आपण एका भागात सगळे मिळून वाचू. तोवर गड चढा, पण जपून, पावसात पायऱ्या फार निसरड्या असतात. भेटू पुढच्या भागात!